उरलेल्या दोन नसा

रविवारी सकाळी दहाच्या आत शिवांजलीनं तीनदा चहा केला आणि तीनदा एकच गोष्ट समजावून सांगितली. चहा संपत होता. गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

"म्हणजे एक नस मोकळी झाली," तिचा नवरा अमरनाथ म्हणाला, "आणि अप्पांना आता काही दुखत न्हाय."

"नाही दुखत."

"मग उरलेल्या दोन आत्ताच करायची घाई कशाला?"

"अहो, त्या दिवशी डॉक्टर सांगत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. सारखी मान हलवत होतात."

"मान हलवत होतो. ऐकत कुठं होतो? बाप काचेपलीकडं पडलेला, त्या वक्ताला कुणाला काय ऐकू येतंय."

शिवांजलीनं फाईल मिटून मांडीवर ठेवली. लोहाऱ्याच्या शाळेत ती सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. फळ्यावर हृदयाचं चित्र काढून एकदा सांगितलं की शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही समजायचं. या घरातल्या माणसांना मात्र बावीस दिवस समजत नव्हतं. आणि ज्यांच्या हृदयाची गोष्ट होती ते तिचे सासरे, महांतप्पा, दिवाणावर पेपर उघडून असे बसले होते की जणू बोलणं शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीबद्दल चाललं होतं.

बावीस दिवसांपूर्वी सकाळी अप्पा लिंगपूजेला बसले आणि मधेच उठून भिंतीला टेकले. थंडीचे दिवस, तरी बंडी घामानं अंगाला चिकटलेली. पित्त झालंय म्हणाले. अमरनाथ डाळमिलच्या कामासाठी लातूरला गेला होता. शिवांजलीनं त्यांचं काही ऐकून न घेता गाडी काढली. गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघता बघताच गोळ्या चावायला दिल्या आणि म्हणाल्या, घरी जाऊ नका, पिशवी भरू नका, तशाच सोलापूरला निघा. नळदुर्गाच्या पुढं अप्पा बोलायचे थांबले होते. सोलापुरात पोचल्यावर तासाभरात डॉक्टरांनी मनगटातून तार घालून उजव्या बाजूची पूर्ण बंद झालेली नस उघडली, तिच्यात स्टेंट बसवला. मग शिवांजलीला आणि धावत आलेल्या अमरनाथला बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. डावीकडची मोठी नस नव्वद टक्के बंद. तिच्या बाजूची ऐंशी.

"जिनं दगा दिला ती आम्ही उघडली," डॉक्टर म्हणाले होते. "या दोघींनी अजून दिलेला नाही, एवढाच फरक. महिन्याभरात यांचंही बघायचं. आता बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही."

उद्याच्या सोमवारची तारीख तेव्हाच ठरली होती. आणि गुरुवारी जेवताना अप्पा म्हणाले, "सोमवारी म्या येत न्हाय." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं होतं.

अमरनाथला बापासमोर एक शब्द बोलवेना, म्हणून त्यानं फोन करून सगळ्यांना गोळा केलं होतं. धाकटा भाऊ शिवपुत्र काल संध्याकाळी पुण्याहून आला. अप्पांच्या थोरल्या बहीण शिवम्मा आत्या अंगारा आणि काढ्याची बाटली घेऊन शुक्रवारपासूनच मुक्कामाला होत्या. इथल्याच जिल्ह्यातल्या वाशीला लेकीकडं राहणाऱ्या प्रेमाबाई काकू, म्हणजे अप्पांचे वारलेले धाकटे भाऊ विरेश यांच्या पत्नी, सकाळच्या एसटीनं आल्या. आल्या आल्या त्यांनी ओल्या तुरीच्या शेंगांची परात पुढं ओढली आणि दाराशी बसून सोलायला लागल्या. अजून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"वहिनी, मला एक सांगा," शिवपुत्र लॅपटॉप बाजूला ठेवत म्हणाला. "तीन नसा आणि वर शुगर. अशा वेळी सरळ बायपास करतात. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं केलं पुण्यात. आठव्या दिवशी माणूस चालायला लागला. हे तुकड्यातुकड्यानं स्टेंट घालत बसण्यात काय अर्थ आहे?"

"भावजी, डॉक्टरांनी तेही सांगितलंय. बायपासचे सर्जन उद्या तपासणार आहेत. दोघं मिळून ठरवणार. आपण इथं बसून ठरवायचं नाही."

"पण सोलापूरच का?"

"कारण जीव तिथं वाचला," अमरनाथ म्हणाला. "आणि तू त्या वक्ताला कुठं होतास?"

"मी विमानात होतो, दादा."

"तेच म्हणतोय. तू नेहमी कुठंतरी असतोस."

"हा विषय आहे का आत्ता?"

"विषय तोच आहे. जो इथं राहतो त्यानं उचलायचं, आणि जो राहत न्हाय त्यानं येऊन शिकवायचं."

शिवांजलीनं डोळे मिटले. आता हे दोघं आंब्याच्या बागेवर जातील, तिथून घराच्या वरच्या मजल्यावर, आणि नसा बाजूलाच राहतील. तसंच झालं. पाच मिनिटांत वरच्या मजल्याचा जिना बाहेरून काढायचा की आतून, यावर दोघांचा आवाज चढला. अप्पांनी पेपराचं पान उलटलं.

"भांडू नगा रे," आत्या म्हणाल्या. "त्याला काय बी करायची गरज न्हाय. म्या सोनारीला भैरोबाफुडं नवस बोलून आलेय. आनि ह्यो काढा रोज सकाळी एक कप. आमच्या गल्लीतल्या एकाच्या नसा दोन महिन्यात साफ झाल्या."

"कशावरून साफ झाल्या, आत्या?" शिवांजलीनं विचारलं. "त्यांनी परत तपासलं का?"

"तपासायचं कशाला? माणूस हिंडतोय की."

"अप्पाही हिंडतायत. त्या सकाळच्या आदल्या दिवशीही मिलपर्यंत चालत गेले होते."

आत्यांना राग आला. "तू शाळेत शिकिवतीस, पर सगळं पुस्तकात नसतंय."

 शिवांजलीला वाटलं, निदान ज्यांचा प्रश्न आहे त्यांना तरी विचारावं. "अप्पा, तुम्ही बोला. का नको म्हणताय? कापायचं नाही, टाके नाहीत. मागच्या वेळेसारखंच मनगटातून जायचं आहे."

महांतप्पांनी चष्मा काढला. "बेडा म्हनलं ना. नको म्हंजी नको. त्यात का, कशाला, एवढं काय इचारायचं?"

"आम्हाला कळायला नको?"

"माझं वय चौऱ्याहत्तर झालंय. पोरांची लग्नं झाली. म्या एवढं सोत्ताबद्दल ठरवू शकत न्हाय व्हय?"

शिवपुत्र म्हणाला, "तसं नाही, अप्पा, पण—" आणि अमरनाथनं त्याच वेळी सुरुवात केली, "मी काय म्हणतो—" आणि दोघंही थांबून एकमेकांकडं रागानं बघायला लागले.

शिवांजली उठून आत गेली. अप्पा येवोत न येवोत, उद्याची पिशवी भरायची होती. काही न बोलता करता येईल असं काम तिला हवं होतं. टॉवेल, दोन बंड्या, लुंगी, चष्म्याचं घर. मग औषधांचा डबा. गोळ्या आणून ठेवायचं काम तिचं आणि वेळेला द्यायचं काम सासूबाईंचं, म्हणजे लक्ष्मम्मांचं. सकाळी शाळेच्या घाईत ती स्वतः देऊ शकत नसे.

साखरेची गोळी, कोलेस्टेरॉलची, बीपीची. मग पिवळी गोळी. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून सकाळी एक, रात्री एक. सोमवारी तिनं चौदा गोळ्यांचं नवं पाकीट फोडून दिलं होतं. आज रविवार. पाकिटात एखाददुसरी उरायला हवी होती.

दहा होत्या.

तिनं पाकीट उलटंपालटं केलं. पुन्हा मोजल्या. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूबाईंसमोर पाकीट धरलं. लक्ष्मम्मा कणीक मळत होत्या. त्यांनी पाकिटाकडं बघितलं आणि हात थांबला.

"अव्वा, कधीपासून?"

"बुधवारपासनं."

"का?"

"दात घासताना हिरडीतनं रगत आलं. हातावर काळंनिळं पडलं. ही गोळी रगत पातळ करती म्हनले. आनि शुक्रवारी अक्का आल्या, त्या बी म्हनल्या, काढा आनि ही गोळी संगं घेऊ नये."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू वरडली असतीस."

"मी कधी ओरडले तुमच्यावर, अव्वा?"

लक्ष्मम्मांनी विचार केला. "कवाच न्हाय. पर तुझं गप बसनं त्याहून वाईट असतंय."

शिवांजलीला त्याच क्षणी खरंच ओरडावंसं वाटलं. कणकेची परात उचलून अंगणात भिरकावावी असं वाटलं. बावीस दिवस पहाटे उठून बिनमिठाची भाजी वेगळी करायची, साखर तपासायची, रजा टाकायची, डॉक्टरांचे शब्द वहीत उतरवायचे, आणि घरातल्या बायकांनी आपसात ठरवून नेमकी तीच गोळी बंद करायची. तिनं मागच्या दारी जाऊन हॉस्पिटलला फोन लावला. रविवार असल्यामुळं दोन जणांनी थांबा म्हटलं, एकानं चुकून फोन कापला. तिसऱ्यांदा डॉक्टर मिळाले.

तिनं चार दिवसांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छातीत काही? दम? घाम?"

"सध्या नाही."

"आत्ताच्या आत्ता दोन पिवळ्या गोळ्या द्या. ॲस्पिरिन चालू आहे ना? ती चालू ठेवा. काढा बंद. आणि उद्याची वाट बघू नका, आजच दाखल करा. वाटेत काही वाटलं तर जवळच्या दवाखान्यात थांबा. हिरडीतून थोडं रक्त येणारच, मॅडम. त्याला घाबरून ही गोळी सोडायची नसते."

ती पाण्याचा तांब्या आणि दोन गोळ्या घेऊन बाहेर आली तेव्हा दोघा भावांचं भांडण जिन्यावरून गाडी लावायच्या जागेवर आलं होतं. ती मधे उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "अप्पांनी चार दिवस गोळी घेतलेली नाही."

दोघंही थांबले.

"कुठली गोळी?" शिवपुत्रनं विचारलं.

"स्टेंट उघडा ठेवणारी. स्टेंट अजून नवा आहे. ही गोळी थांबली की त्याच्यातच रक्ताची गुठळी होऊ शकते. उघडलेली नस परत बंद होऊ शकते. आपण सकाळपासून दोन नसांवर भांडतोय, आणि तिसरी चार दिवस वाऱ्यावर आहे." तिनं गोळ्या पुढं केल्या. "अप्पा, या घ्या. डॉक्टरांशी बोलले आत्ताच. आणि आपल्याला आजच निघायचंय."

महांतप्पांनी गोळ्या घेतल्या. कुणाकडं न बघता गिळल्या. तांब्या परत देत म्हणाले, "गोळी घेतली. येनार न्हाय."

"अप्पा, ऐका की," अमरनाथ पहिल्यांदाच सरळ बापाला म्हणाला.

"तुमी ऐका. विरेशच्या वक्ताला बी असंच व्हतं. डॉक्टर म्हनले आत्ताच करा, सगळे म्हनले करा. ह्या प्रेमाबाई नको म्हनत व्हत्या. बाहेर बाकड्यावर बसून रडत व्हत्या. म्या ऐकलं न्हाय. म्या थोरला. कागदावर सही केली आनि त्याला आत ढकललं. पाच तासांनी बाहेर आला तो असा."  त्यांनी हातानं दाराकडं खूण केली. "त्यांना इचारा. एकोनीस वर्षं झाली. करा म्हनून सांगतात का बघा."

या घरात विरेशकाकांचं नाव सहसा निघत नसे. शिवांजली लग्न होऊन आली तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. तिला एवढंच माहीत होतं की अप्पांनी पंचायत समितीची निवडणूक जिंकली आणि आठव्या दिवशी काका कोसळले. हैदराबादला नेलं, बायपास केलं, आणि ते परत आले नाहीत. त्या एका सहीपायी अप्पांनी पुढं राजकारण सोडलं, काकूंच्या लेकीचं शिक्षण केलं, लग्न केलं. काकू सणाला यायच्या, जेवायच्या, जायच्या. अप्पांशी त्या कामापुरतं बोलायच्या. सगळे समजून घ्यायचे.

आता सगळ्यांनी काकूंकडं बघितलं. शिवांजलीनंही बघितलं आणि तिला पुढचं दिसलं. काकू मान हलवणार, आत्या पदर डोळ्याला लावणार, आणि आजची संध्याकाळ इथंच जाणार.

प्रेमाबाईंनी हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. टरफल बाजूला केलं.

"त्यांना तो पहिला झटका नव्हता," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" आत्यांनी विचारलं.

"आमच्या ह्यांना. आदल्या उन्हाळ्याच्या शेवटाला एक येऊन गेला होता. बारीक. मी माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं, आठवतंय का, जाऊबाई? तेव्हा आम्ही दोघं सोलापूरला होतो. चार दिवस. डॉक्टरनी तपासलं. तीन नसा सांगितल्या. महिन्याच्या आत करून घ्या म्हणाले."

लक्ष्मम्मा स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांचे हात कणकेनं भरलेले होते.

"मग का केलं न्हाय?" अमरनाथनं विचारलं.

"निवडणूक होती ना. सगळी गावं ह्यांच्याच भरवशावर होती. हे म्हणाले, अण्णाला आत्ता सांगितलं तर तो अर्ज भरणार न्हाय. एकदा निवडणूक होऊ दे, मग करू. मला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आठ महिने मी रोज म्हणायचे. आठ महिने हे म्हणायचे, होऊ दे एवढं."

महांतप्पा त्यांच्याकडं टक लावून बघत होते.

"हैदराबादच्या डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, हृदय आता फार थकलंय. हे आठ महिन्यांपूर्वी आले असते तर वेगळं होतं. करूनही सांगता येत नाही, न करूनही जगणार नाहीत. म्हणून मी रडत होते, अण्णा. सही करू नका म्हणून रडत नव्हते."

 शिवम्मा आत्या म्हणाल्या, "यव्वा, आनि तू हे आज सांगतीस?"

"हो, आज."

"एकोनीस वर्षं माझा भाऊ सोत्ताला खातोय. आनि तुला तोंड नव्हतं?"

"होतं. राग होता." प्रेमाबाईंचा आवाज तसाच सपाट राहिला. "तुमच्या निवडणुकीपायी माझा माणूस थांबला, अण्णा. तुम्हाला गुलाल लागला आणि मला पांढरं कपाळ. तुम्ही सहीचं घेऊन बसलात. मी म्हटलं, बसू दे. निदान काहीतरी घेऊन बसू दे. पुढं राग गेला, पण सांगायचं राहिलं. एवढं लांबल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं?" त्या उठल्या, लुगड्यावरची टरफलं झटकली. "आज पण सांगणार नव्हते. पण तुम्ही मलाच साक्षीला काढलंत. ते ऑपरेशननं गेले नाहीत. थांबल्यानं गेले. आता तुम्ही थांबायचं म्हणत असाल तर माझं नाव घेऊन थांबू नका."

अमरनाथ एकदम काकूंवर उखडला. असं कुणी करतं का म्हणाला. शिवपुत्र काकूंच्या बाजूनं बोलायला लागला. काकूंना बोल लावायला आत्या आणि अमरनाथ एक झाले. लक्ष्मम्मा दारातूनच म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं, पर मला संशय व्हता. माहेरी गेलेल्या बाईच्या अंगाला दवाखान्याचा वास येत न्हाय." त्यावर आत्या त्यांच्याकडं वळल्या.

शिवांजलीनं घड्याळ बघितलं. साडेअकरा. सोलापूर पावणेदोन तासांवर. या माणसांना एकोणीस वर्षं मिळाली होती, आणि त्यांना भांडायला हाच तास सापडला होता. ती आतून पिशवी घेऊन आली, गाडीची चावी घेतली आणि अप्पांच्या चपला दिवाणासमोर ठेवल्या.

"अप्पा, तुम्ही माझ्यावर रागवा, काकूंवर रागवा. गाडीत बसून रागवा. मला गाडी चालवताना बोललेलं चालतं."

महांतप्पा तिच्याकडं न बघता प्रेमाबाईंना म्हणाले, "आठ म्हैने?"

"आठ."

त्यांनी चपलांत पाय घातले. उठताना दिवाणाचा कठडा धरला. अमरनाथ हात द्यायला पुढं झाला तर त्याला बाजूला केलं. दाराशी थांबून म्हणाले, "प्रेमाबाई, तुमी फुडं बसा." आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन खिडकीकडं तोंड करून बसले.

 वाटेत लक्ष्मम्मा नवऱ्याच्या शेजारी हातावरची वाळलेली कणीक खरवडत बसल्या. मागून दुसऱ्या गाडीत दोघं भाऊ आणि आत्या होत्या. आत्यांना घरी ठेवायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

दाखल केल्यावर पट्टी काढली, ती बरी आली. नसेत गुठळी झाली असावी असं काही दिसलं नाही. डॉक्टरांनी अप्पांना गोळीबद्दल चांगलंच सुनावलं आणि काढ्याची बाटली मागितली. आत्यांनी ती पदराखाली धरून ठेवली होती. शेवटी शिवपुत्रनं गोडीगोडीनं काढून घेतली.

सोमवारी सकाळी बायपासचे सर्जन आले. शिवपुत्रनं लॅपटॉपवरून उतरवलेले अकरा प्रश्न त्यांना विचारले. सर्जन शांत माणूस होते. शुगर असलेल्या तीन नसांच्या पेशंटला पुष्कळदा बायपासच बरा, हे तुमचं बरोबर आहे, म्हणाले. पण अप्पांच्या हृदयाचा जोर चांगला होता, अडथळे छोट्या लांबीचे आणि सरळ जागी होते, आणि नव्या स्टेंटमुळं पिवळी गोळी आत्ता थांबवून छाती उघडणं धोक्याचं होतं. दोघा डॉक्टरांचं एकमत झालं. स्टेंट. अमरनाथ भावाकडं विजयानं बघायला लागला, तेव्हा शिवांजली त्याला म्हणाली, "अहो, नको. कृपा करा." त्यानं मान खाली घातली.

अप्पांना आत नेलं. डावीकडच्या मोठ्या नसेत स्टेंट गेला. दुसरीत तार घालून दाब मोजला, तो कमी भरला, म्हणून तिच्यातही. दीड तास लागला. डॉक्टर बाहेर येऊन, "तिन्ही नसा वाहतायत. आता सगळं गोळ्यांवर आणि तुमच्यावर," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं गेले.

अमरनाथ बाकावर बसून रडला. शिवपुत्र त्याच्या शेजारी बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिले. शिवांजली कँटीनमध्ये जाऊन इडली खाऊन आली. कालच्या सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. खाताना तिचे डोळे भरून आले, पण कशामुळं ते तिला सांगता आलं नसतं. राग अजून गेला नव्हता. सासूवर होता, नवऱ्यावर होता, आणि सगळ्यात जास्त त्या आठ महिन्यांवर होता.

चार वाजता एकेकाला आत भेटायला सोडलं. अप्पांचं मनगट पट्टीनं बांधलेलं होतं. चेहरा उतरलेला, पण डोळे जागे. त्यांनी शिवांजलीला जवळ बोलावलं. तिला वाटलं, काही दुखतंय.

"प्रेमाबाईंना धाड," ते म्हणाले. "आनि बाकीच्यांना थोडा वेळ बाहेरच ठेव. सगळे आले की बोलू देत न्हाईत."

प्रेमाबाई आत आल्या, खाटेपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. अप्पांनी स्टुलाकडं खूण केली. त्या बसल्या. शिवांजली पडद्याबाहेर उभी राहिली. अमरनाथ येताना दिसला तसा तिनं हात आडवा केला.

 आतून अप्पा म्हणाले, "त्या आठ म्हैन्यांत तो कसा व्हता? मला कायबी दिसलं न्हाय. तुमाला दिसलं आसंल ते सांगा."

"काय सांगू, अण्णा."

"काय बी सांगा. म्या त्याच्याबद्दल कुनाशी बोललोच न्हाय."

काकू बोलायला लागल्या. "दम लागायचा. कुणाला कळू नये म्हणून युक्त्या करायचे. प्रचाराला वाडीत गेलं की चढावर मधेच थांबायचे आणि खिशातून फोन काढून कानाला लावायचे. पलीकडं कुणी नसायचं. दम परत आला की हो हो करून फोन ठेवायचे."

 शिवांजलीला वाटलं, मॉनिटरचा आवाज बदलला, पण तो तसाच होता.

"म्या म्होरं चालत असायचो," अप्पा म्हणाले. "वर जाऊन थांबायचो त्याच्यासाठी. म्हनायचो, विरेश, फोन बंद कर आनि चल लवकर."